मुंबईहून गोव्याला शिडाच्या बोटीने: डेकवर वावरायचं कसं?

पुण्याच्या एका जोडप्याचा प्रश्न आहे. दोघं खडकवासल्याच्या पाण्यात छोट्या डिंगी चालवायला शिकलेत. जानेवारीत मित्राच्या ३८ फुटी क्रूझिंग बोटीवरून मुंबई ते गोवा जायचा बेत आहे आणि बरोबर ६४ वर्षांचे वडीलही येणार आहेत. विचारलंय ते असं: जानेवारीतला समुद्र शांत, पाणी कोमट, मग हार्नेस (अंगावरचा सुरक्षा-पट्टा) सतत अडकवायची खरंच गरज आहे का? बोट कललेली असताना पुढे डोलकाठीपर्यंत जायचं कसं? आणि पायात काय घालायचं?

आधी थेट उत्तरं. हार्नेस रात्री कायम. दिवसा कॉकपिटच्या, म्हणजे सुकाणूजवळच्या खोलगट बसायच्या जागेच्या, बाहेर पाऊल टाकाल तेव्हा. आणि डेकवर एकटे असाल तर वेळ न बघता. पुढे जायचं ते वाकून, वरच्या बाजूने, सुकाणूवरच्या माणसाला सांगून. पायात बूट. आता कारणं सांगतो, कारण पटलं नाही तर दुसऱ्या दिवशी दुपारी हार्नेस काढून ठेवाल हे मला माहीत आहे.

खडकवासल्यात डिंगी उलटली की तुम्ही पाण्यात पडता, हसता, सेंटरबोर्डवर (तळाच्या उभ्या फळीवर) उभं राहून तिला सरळ करता आणि पुढे निघता. तिथे पडणं हा शिकण्याचाच भाग. ही सवय घेऊन मोठ्या बोटीवर येणाऱ्यांची मला अगदी नवख्यांपेक्षा जास्त काळजी वाटते. उलटलेली डिंगी तुमच्याजवळच तरंगत राहते. क्रूझिंग बोट निघून जाते. सहा नॉटने चाललेली बोट मिनिटाला साधारण १८५ मीटर कापते. शिडं आवरून, इंजिन चालू करून, वळून यायला मागे राहिलेल्या दोघांना पाच मिनिटं लागली, तर तेवढ्यात नऊशे मीटरहून जास्त अंतर पडलेलं असतं. पाण्याबाहेर असतं ते फक्त डोकं, आणि मीटरभर लाट असेल तर तेही अर्धा वेळ दिसत नाही. कोकण किनाऱ्याचं पाणी जानेवारीतही २७ अंशांच्या आसपास असतं. युरोपातल्या थंड पाण्यासारखा पहिल्या मिनिटाला श्वास कोंडत नाही, हे खरं. पण त्याचा फायदा एवढाच की शोधणाऱ्यांना थोडा जास्त वेळ मिळतो. रात्री अडीच वाजता शोधायचं कुठे, हा प्रश्न तसाच राहतो.

आता मुख्य मुद्दा. बहुतेकांच्या मनात हार्नेस म्हणजे पडल्यावर धरून ठेवणारी वस्तू. ही समजूतच घात करते. हार्नेसचं काम तुम्हाला कठड्याच्या आत ठेवणं. तुम्ही टेदरला, म्हणजे हार्नेस बोटीशी जोडणाऱ्या पट्ट्याला, लोंबकळत बोटीच्या अंगाला घासत पाण्यातून ओढले जात असाल, तर हार्नेस चुकीच्या जागी किंवा चुकीच्या लांबीने लावला होता. २०११ साली इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याजवळ ‘लायन’ नावाच्या ३८ फुटी बोटीचा स्किपर पुढच्या डेकवर काम करताना कठड्यापलीकडे गेला. टेदर जोडलेलं होतं आणि ते तुटलंही नाही. तरी चालत्या बोटीबरोबर ओढला गेल्याने, त्याला वर घेईपर्यंत तो वाचला नाही. बोटीवर आणखी माणसं होती, तीही अनुभवी. तुमच्याइतकीच बोट, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिलं.

मग लांबी किती असावी? टेदर जास्तीत जास्त दोन मीटरचं असतं आणि चांगल्या टेदरला दोन पाय असतात, एक दोन मीटरचा आणि एक मीटरचा. ३८ फुटी बोटीची रुंदी साधारण साडेतीन ते पावणेचार मीटर. म्हणजे मध्यरेषेपासून कठडा पावणेदोन-दोन मीटरवर. तुम्ही कडेच्या डेकवर पुढून मागे ताणलेल्या पट्टीला दोन मीटरचा पाय अडकवलात तर हिशोब सरळ आहे: पडलात की पाण्यात. मध्यरेषेजवळच्या जागेला एक मीटरचा पाय अडकवलात तर कठड्यापर्यंत पोहोचणंही अवघड. म्हणून लांब पाय फक्त जाता-येताना. कामाच्या जागी पोहोचलात की छोटा पाय अडकवायचा, तोही डोलकाठीच्या बुडाशी किंवा मध्यभागी असलेल्या भक्कम कडीला. दोन पायांचा दुसरा फायदा म्हणजे नवीन जागी एक हूक अडकवल्यावरच जुना सोडता येतो. श्राउडपाशी, म्हणजे डोलकाठीला बाजूने ताणून धरणाऱ्या तारांपाशी, हूक बदलावा लागतो आणि नेमकं तिथेच लोक दोन सेकंदांसाठी मोकळे होतात.

कठड्याबद्दल गैरसमज फार आहेत. ऑफशोअर शर्यतींच्या नियमांत मोठ्या बोटींसाठी कठड्याच्या वरच्या तारेची उंची कमीत कमी ६० सेंटीमीटर धरलेली आहे आणि बहुतेक क्रूझिंग बोटींवर ती जेमतेम तेवढीच असते. म्हणजे उभ्या माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर. तोल गेलेल्या माणसाला ती तार अडवत नाही, मांडीखाली येऊन पलीकडे पालथा घालते. पण तुम्ही खाली बसलात तर तीच तार छातीशी येते. डेकवर खाली राहायचं म्हणतात ते याचसाठी. आणि तार हातात धरून चालायची सवय लावून घेऊ नका. तारेचे खांब कित्येकदा बुडाशी हललेले असतात, जुन्या तारा प्लॅस्टिकच्या आवरणाखाली गंजलेल्या असतात आणि बाहेरून कळतही नाही. हात लावा, भार टाकू नका.

बोट हातात आली की निघण्याच्या आदल्या दिवशी जॅकलाइन तपासा. पुढून मागे डेकवर ताणलेली ही पट्टी असते, तिला टेदरचा हूक सरकत जातो. चपटी पट्टी हवी. स्टीलची तार असेल तर ती पायाखाली गोल फिरते आणि ओल्या डेकवर तेवढंच निमित्त पुरतं. पट्टी २,००० किलोच्या आसपास ताण सोसणारी असते, पण नवी असताना. आपल्या उन्हात पॉलिस्टरची पट्टी वर्षभर डेकवर पडून राहिली तर शिवण आधी जाते, मग धागा. नखाने शिवण खरवडून बघा. भुकटी निघाली किंवा धागा तुटला तर ती बदलायची, वाद घालायचा नाही. मित्राची बोट आहे, त्याला वाईट वाटेल वगैरे विचार करू नका. पट्टीचं मागचं टोक बोटीच्या मागच्या काठाच्या बरंच अलीकडे संपायला हवं, नाहीतर पडलेला माणूस सरकत थेट बोटीच्या मागे जाऊन ओढला जातो. पट्टी ताणलेली हवी. हाताने उचलली की वीतभर वर येत असेल तर पडताना ती अजून खूप ताणली जाईल.

आणि पट्टी क्लीटच्या, म्हणजे दोर बांधायच्या खुंटीच्या, जवळून जाते का ते बघा. २०१७ साली जगप्रदक्षिणेच्या एका शर्यतीत, दक्षिण महासागरात, टेदरचा हूक डेकवरच्या क्लीटखाली अडकला, त्यावर आडवा ताण आला, हूक वाकला आणि सुटला. तो खलाशी वाचला नाही. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास विभागाने चौकशी केली तेव्हा निष्पन्न झालं ते असं: टेदर मानकाप्रमाणेच बनवलेलं होतं, पण हुकाला आडवा ताण येईल हे त्या मानकाच्या चाचणीत धरलेलंच नव्हतं. म्हणून क्लीट किंवा खाच आजूबाजूला असेल तर जॅकलाइन थोडी आत घ्या.

टेदर कधीही कठड्याच्या तारेला, त्याच्या खांबाला, सुकाणूच्या चाकाला किंवा हलत्या दोराला अडकवायचं नाही. कॉकपिटमध्ये, खाली उतरायच्या जिन्याजवळ, एक पक्की कडी असते. नसेल तर निघण्याआधी बसवून घ्या. जिन्यावर उभं राहून, अर्धं शरीर आत असतानाच, हात बाहेर काढून त्या कडीला हूक अडकवायचा आणि मग बाहेर यायचं. परत जाताना आत उतरल्यावर हात वर करून सोडायचा. झोपेतून उठून, डोळे चोळत, चहाचा मग हातात घेऊन बाहेर येणारा माणूस त्या दोन पायऱ्यांवर सगळ्यात कच्चा असतो. हे दोन पायऱ्यांचं वळण एकदा अंगी लागलं की बाकीचं आपोआप जमत जातं.

लाइफजॅकेट हार्नेससकट मिळतं, फुगणारं. तेच घ्या. जहाजांवर आणि लाँचवर दिसतात ती नारंगी, जाड फोमची जॅकेटं बोट सोडायची वेळ आली तर चांगली, पण ती घालून डेकवर काम होत नाही. माणूस पुढे काय आहे ते बघू शकत नाही आणि दोरांत अडकतो. फुगणाऱ्या जॅकेटचा मांड्यांमधून जाणारा पट्टा लावायचाच. तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकून कानापर्यंत येतं आणि नाक पाण्यातच राहतं. गॅसचं नळकांडं हाताने फिरवून घट्ट आहे का बघा. ते हळूहळू सैल होतं. आपल्या दमट हवेत आपोआप फुगवणारी गोळी लवकर खराब होते, तिची तारीखही बघून घ्या.

आता चालायचं कसं.

घाटातल्या एसटीत तिकिटं फाडत फिरणारा जुना कंडक्टर आठवा. गुडघे सैल, पाय फाकलेले, कंबर टेकवायला सीटचा कोपरा, आणि वळण येण्याआधीच अंग त्या बाजूला झुकलेलं. डेकवर हेच करायचं, फक्त आणखी खाली वाकून. बोट कलली की एक बाजू वर जाते आणि एक खाली. वारा येतो ती वरची. पुढे जाताना नेहमी वरच्या बाजूने. पाय घसरला तर तुम्ही केबिनच्या भिंतीवर येऊन पडता. खालच्या बाजूने गेलात तर घसरल्यावर पुढे फक्त पाणी असतं आणि तिथला डेकही लाटांनी सतत ओला. पाऊल केबिनची भिंत आणि डेक मिळतात त्या कोपऱ्यात टाकायचं, तिथे दोन बाजूंनी आधार मिळतो. एक हात केबिनवरच्या लाकडी किंवा स्टीलच्या पकडीवर, आणि ती पकड सोडायच्या आधी दुसरा हात पुढच्या पकडीवर गेलेला हवा. हातात काही घेऊन पुढे जायचं नाही. जे न्यायचं ते खिशात किंवा खांद्याला लावून.

लाटांना ताल असतो. दोन-तीन मोठ्या येतात, मग जरा सवड मिळते. कॉकपिटच्या कडेला बसून आधी तो ताल बघा आणि त्या सवडीत निघा. मध्येच मोठी लाट आली तर उभं राहून तोल सांभाळायच्या भानगडीत पडू नका, सरळ खाली बसा. बूड टेकून सरकत जाण्यात कमीपणा नाही. मी पुढच्या डेकवर जवळजवळ सगळं काम बसूनच करतो, दोन्ही पाय पुढे रोवून. बघणाऱ्याला ते रुबाबदार वाटत नाही, पण बघायला तिथे असतंच कोण.

पाय कशावर पडतो ते महत्त्वाचं. डेकला खरखरीत थर असतो, पण हॅचचं, म्हणजे डेकमधल्या झाकणाचं, ॲक्रिलिक गुळगुळीत असतं आणि दव पडल्यावर त्यावर पाय टिकतच नाही. डेकवर पडलेलं शीड, विशेषतः उतरवलेलं जिब (पुढचं शीड), त्याहून वाईट; कापड कापडावर घसरतं आणि तुम्ही त्याच्यासकट कठड्याखालून निघता. दोरावर पाय पडला तर तो गोल फिरतो. कोकणात जानेवारीच्या रात्री जमिनीवरून वारा सुटला की पहाटेपर्यंत अख्खा डेक दवाने भिजलेला असतो, त्यात दिवसभराचं मीठ. संध्याकाळी कोरडा होता म्हणून पहाटे चारला तसाच असेल असं धरून चालू नका. सनस्क्रीन किंवा खोबरेल तेल लावून डेकवर लोळणाऱ्या पाहुण्यांबद्दल मला फार बोलायचं नाही. त्यांनी निदान टॉवेल अंथरावा.

पुढे जाण्याआधी सुकाणूवरच्या माणसाला सांगा: कुठे जातोय, काय करणार, किती वेळ. त्याने त्या वेळात बोट शांत ठेवायची असते. तुम्ही पुढे असताना त्याने सुकाणू सोडून फोन बघणं, अचानक वळणं, इंजिन टाकणं, यातलं काहीही होता कामा नये. वारा जोराचा असेल तर थोडं वाऱ्याच्या दिशेने उतरून बोट सरळ करता येते, कल कमी होतो, डेकवर येणारा वाराही कमी वाटतो. मात्र वारा अगदी पाठीमागे घेतला तर बोट डोलायला लागते आणि बूमचा (मुख्य शिडाखालच्या आडव्या वाशाचा) धोका वाढतो, तेव्हा बेताने. आणि आधी हा प्रश्न विचारा की जायलाच हवं का. आजच्या बहुतेक बोटींवर जिब कॉकपिटमधूनच गुंडाळता येतं, मेनसेलच्या (मुख्य शिडाच्या) रीफचे, म्हणजे शीड दुमडून लहान करायचे, दोरही मागे आणलेले असतात. दिवस मावळायच्या आधी एक रीफ घेऊन ठेवली तर रात्री पुढे जायची वेळच बहुधा येत नाही. रात्री दोन वाजता वारा वाढल्यावर गडबडीत रीफ घेण्यापेक्षा संध्याकाळी अर्धा नॉट वेग गमावणं स्वस्त.

आता बूम. डेकवर मी माणसाइतकाच बूमवर डोळा ठेवतो, आणि मुंबई-गोवा मार्गावर याला खास कारण आहे. जानेवारीत दुपारी वारा वायव्येकडून येतो, बारा-पंधरा नॉट, कधी जास्त. तुम्ही दक्षिणेला चाललेले, म्हणजे वारा उजव्या खांद्यामागून. बूम डावीकडे, किनाऱ्याच्या बाजूला. सूर्य मावळला की हा वारा मरतो. मग तास-दोन तास काहीच नाही, पण दिवसभराची लाट तशीच असते. पर्शियन आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेली लाट आली असेल तर वारा नसताना बोट जास्तच लोळते. त्या वेळात बूम कारण नसताना इकडून तिकडे आपटत असतो. मग रात्री केव्हातरी मतलई (जमिनीवरून येणारा वारा) सुरू होते, पूर्वेकडून, आधी एक झुळूक, त्यात जमिनीचा आणि कधी धुराचा वास, मग स्थिर. आता वारा डावीकडून. म्हणजे बूमला उजवीकडे जायचं असतं आणि तो तुम्हाला विचारून जात नाही. ही अदलाबदल नेमकी जयगड-रत्नागिरीच्या आसपास किंवा तुम्ही जिथे असाल तिथे, पाळी बदलायच्या वेळेला, एक जण बाहेर येतोय आणि दुसरा उभं राहून जांभई देतोय अशा क्षणी होते.

बूमला जोराचा वारा लागतो असं नाही. आठ-दहा नॉटमध्येही झोकाने आलेला बूम कवटी फोडतो. आणि एकटा बूमच नव्हे, त्याला ओढून धरणारा दोर, मेनशीट, कॉकपिटमधून आडवी जात असेल तर तीही माणसाला उचलून फेकते. २०२४ च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत पहिल्याच रात्री दोन वेगवेगळ्या बोटींवर दोन खलाशी बूम आणि मेनशीटच्या अशाच तडाख्यांनी गेले. फ्रान्सचे एरिक ताबार्ली, ज्यांच्याकडून अर्ध्या फ्रान्सने शिडाची बोट शिकली म्हणायला हरकत नाही, जून १९९८ मध्ये आयरिश समुद्रात रात्री आपल्याच जुन्या ‘पेन ड्युइक’ बोटीवरून पाण्यात फेकले गेले. शिडाच्या वरच्या आडव्या वाशाचा तडाखा बसला होता. अंगावर हार्नेस नव्हता. त्यांना तो आवडतच नसे.

उपाय सोपा आहे. वारा पाठीकडून असेल तेव्हा बूमच्या टोकापासून एक दोर पुढे नाळेपाशी (बोटीच्या पुढच्या टोकाशी) नेऊन परत कॉकपिटमध्ये आणायचा आणि ताणून बांधायचा. त्याला प्रिव्हेंटर म्हणतात. तो कॉकपिटमधून सोडता आला पाहिजे. वारा मेला की मेनसेल मध्यावर घट्ट ओढून घ्या किंवा सरळ उतरवून इंजिनवर चला. प्रिव्हेंटर बांधला म्हणून बूमच्या वाटेत उभं राहायची परवानगी मिळत नाही. केबिनच्या छतावर चढताना आधी मान वर करून बूम कुठे आहे ते बघायचं, मग पाय उचलायचा.

रात्रीच्या पाळीत बाकीचे खाली झोपलेले असतात, म्हणजे तुम्ही तेवढा वेळ एकटे खलाशी असता. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’वरून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. एकट्या माणसाची बोट स्वयंचलित सुकाणूवर असते. तो पडला तर ती त्याच वेगाने, त्याच दिशेने पुढे जात राहते. तुमच्या दोन ते पाचच्या पाळीत परिस्थिती नेमकी हीच. खालच्यांना कळेल ते पाळी बदलताना. म्हणून आमचा नियम असा की रात्री एकट्याने कॉकपिट सोडायचं नाही. पुढे काही अडकलं असेल तर खालच्या एकाला उठवायचं. झोपमोड झाली म्हणून कोणी कुरकुरला तर कुरकुरू द्या.

पुरुषांसाठी एक अवघड वाटणारी पण सांगायलाच हवी अशी गोष्ट. रात्री लघवीला मागच्या काठावर उभं राहायचं नाही. एक हात कामात, लक्ष दुसरीकडे, झोपेतून उठल्यावर रक्तदाब उतरलेला आणि पाठीमागे सुकाणूवर कोणी नाही. जगभरच्या खलाशांत हा पडण्याचा ओळखीचा प्रकार आहे. खाली संडास आहे, तिथे बसून करा. खाली जायचा कंटाळा असेल तर कॉकपिटमध्ये बादली किंवा बाटली. बाई काय म्हणतील याची लाज पाण्यात पडण्यापेक्षा परवडते.

बोट लागणाऱ्यांचंही तसंच. मळमळणारा माणूस धडपडत खालच्या बाजूच्या कठड्यावर ओणवा होतो आणि त्याला त्या क्षणी कशाचीच पर्वा नसते. त्याला आधी हुकाने अडकवा, मग बादली द्या, कठड्याकडे जाऊच देऊ नका. गोळी घ्यायची असेल तर निघण्याच्या तासभर आधी. पोट ढवळायला लागल्यावर ती टिकत नाही. आणि यातल्या बहुतेक गोळ्यांनी झोप येते, तेव्हा गोळी घेतलेल्याला पहिल्या रात्रीची पाळी देऊ नका.

वडिलांबद्दल. ६४ हे वय बोटीसाठी काही जास्त नाही. कोकणात या वयाचे नाखवे रोज समुद्रात जातात. पण दोन गोष्टी विचारून घ्या. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे का? असेल तर खाली बघताना पायरी आणि डेकची कड धूसर दिसते, म्हणून जिना उतरताना तोंड पायऱ्यांकडे करून, मागे मागे उतरायला सांगा. तसं सगळ्यांनीच उतरावं. आणि रक्तदाबाची गोळी चालू आहे का? त्यातल्या काहींनी झटकन उभं राहिलं की अंधारी येते. मग बसल्या जागेवरून उठताना क्षणभर थांबायची सवय लावा. त्यांच्यासाठी कॉकपिटमध्ये जिन्याजवळची, वरच्या बाजूची जागा ठरवून टाका, तिथे केबिनच्या भिंतीचा पाठीला आधार मिळतो. ‘बाबा, तुम्ही नुसते बसा’ म्हटलं की ते ऐकणार नाहीत. त्यांना कोळ्यांच्या जाळ्यांवर लक्ष ठेवायचं काम द्या. या मार्गावर ते खरंच महत्त्वाचं आहे. हर्णे, जयगड, देवगड, कुठेही रात्री जाळ्यांचे लुकलुकणारे दिवे आणि दिवसा बांबूच्या काठीवरची फडकी दिसतील, आणि नाही दिसली तर इंजिनाच्या पंख्यात जाळं अडकेल. तसं झालं तर कोणीही मागच्या काठावरून ओणवून सुरी चालवायची नाही. इंजिन बंद, शिडं उतरवलेली, माणूस बांधलेला, तेव्हाच काय ते बघायचं. लाट असेल तर शिडावर जवळच्या बंदरात जाऊन.

बंदरात शिरताना सगळ्यांना घाई होते आणि दुखापती बऱ्याचदा तिथेच होतात. नांगर टाकताना चेनजवळ पाय आणि बोटं नकोत, पाठमोरं उभं राहू नका, विंडलासच्या (नांगर ओढायच्या यंत्राच्या) गिअरवर सैल कपडे नकोत. धक्क्यावर उडी मारायची नाही. बोट लागल्यावर पाऊल टाकायचं. बोट आणि धक्का यांच्यामध्ये पाय घालून बोट थांबवता येत नाही, ती सहा-सात टनांची असते. छोट्या रबरी बोटीत उतरतानाही जॅकेट अंगावर ठेवा. विजयदुर्गाच्या खाडीत पाणी शांत दिसतं, पण ओहोटीची ओढ जोरात असते.

तरीही कोणी पडलंच तर: ओरडा, लगेच तरंगणारं जे हाताला लागेल ते फेका, एकाने फक्त हाताने खूण करत पडलेल्याकडे बघत राहायचं, दुसरं काहीही करायचं नाही. जीपीएसवरचं मॅन-ओव्हरबोर्ड बटण दाबा. इंजिन चालू करण्याआधी कुठला दोर पाण्यात लोंबत नाही ना ते बघा, नाहीतर पंखा अडकून बोटच अडेल. व्हीएचएफ चॅनल १६ वर मे-डे द्या. किनाऱ्याजवळ फोनला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. निघण्याआधी मांडव्याच्या बाहेर दिवसा फेंडर (बोटीच्या अंगाला लटकवायचा फुगा) टाकून हा सराव एकदा तुम्ही दोघांनीच करा, मित्राने हात न लावता. पडणारा मित्रच असू शकतो. आणि भिजलेला माणूस वर कसा घेणार तेही त्याच वेळी बघा. बोटीची मागची शिडी लाटेत वर-खाली आपटते, त्यामुळे शिडाच्या हॅलयार्डला (शीड वर चढवायच्या दोराला) जॅकेटचा पट्टा लावून विंचने (दोर ओढायच्या चक्रीने) वर उचलायची सोय आहे का ते आजमावा.

राहिले बूट. अनवाणी चालल्यावर डेक छान कळतो, हे मान्य. पण क्लीट, विंच, ब्लॉक आणि कड्या सगळ्या पायाच्या बोटांच्या उंचीवर असतात आणि मोडलेलं बोट घेऊन उरलेला प्रवास लंगडत करावा लागतो. लंगडणारा माणूस डेकवर नकोच. चपला, क्रॉक्स, सँडल बाद. सपाट, मऊ, फिकट रंगाच्या तळव्याचे, पुढून बंद असलेले बूट घ्या. महागडे डेक-शूज हवेतच असं नाही. बॅडमिंटनचे गम-सोलचे बूट ओल्या डेकवर चांगले टिकतात आणि डेकवर काळे डाग पाडत नाहीत. मात्र ते बोटीसाठीच ठेवा, रस्त्यावर घालून येऊ नका. तळव्यात रुतलेला एक खडा जेलकोटवर (बोटीच्या वरच्या चकचकीत थरावर) रेघ ओढतो आणि मग मित्र पुढच्या वेळी बोलावत नाही.